बर्फाळ मुलखात काँक्रीटची पायरी का फुटते आणि टिकते कशी?

कापडाच्या धंद्यातील माणसाने सिमेंट-काँक्रीटवर लिहावे, हे वाचक बंधूंना जरा चमत्कारिक वाटेल. परंतु व्यापारी माणूस कुठेही गेला तरी माल पाहिल्याशिवाय राहत नाही, आणि फसलेला माल दिसला की त्याचे कारण विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे अमेरिकेत शिकागो शहराच्या एका उपनगरात काही महिने राहिलो. तिथे घरासमोरच्या पाच पायऱ्यांनी मला जो धडा दिला, तो आपल्या गवंडी, मिस्त्री आणि ठेकेदार बंधूंच्या उपयोगाचा आहे, म्हणून हा लेख.

मुलगी-जावयाने घर घेतल्यानंतर समोरच्या पायऱ्या नव्याने बांधून घेतल्या होत्या. काम झाले तेव्हा पायऱ्या आरशासारख्या गुळगुळीत होत्या. दुसऱ्या हिवाळ्यानंतर वरचा पापुद्रा निघू लागला आणि खालची खडी उघडी पडली. तिसऱ्या हिवाळ्यात संपूर्ण जिना घराच्या बाजूला कलला, त्यामुळे वितळलेल्या बर्फाचे पाणी रस्त्याकडे न जाता तळघराच्या भिंतीत मुरू लागले. त्याच जानेवारीत सकाळी बाहेर पडताना आमच्या विहीणबाई त्या खड्ड्यात साचलेल्या बर्फावरून घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. साठी ओलांडलेल्या बाईचा उजवा हात. त्या हाताने आजही त्यांना पीठ नीट मळता येत नाही.

मी जावयाला विचारले, “बेटा, काम कोणाला दिले होते?” तो म्हणाला, “अब्बा, तीन ठिकाणी भाव विचारला होता. हा सर्वांत स्वस्त होता, आणि काम तर छान दिसत होते.” यावर मी काय बोलणार? ताग्याची वरची घडी पाहून माल घेणारे गिऱ्हाईक मी आयुष्यभर पाहिले आहे.

नव्याने काम करायला एक वयस्क मिस्त्री आला. मूळचा पोलंडचा, चाळीस वर्षे त्याच शहरात काँक्रीटचे काम केलेला. जुन्या पायऱ्या फोडताना आणि नव्या बांधताना मी रोज खुर्ची टाकून बसत असे व जावई दुभाष्याचे काम करी. त्याने जे सांगितले ते मी वहीत उतरवले आणि नंतर जाणकारांना विचारून, पुस्तके पाहून पडताळून घेतले.

शत्रू थंडी नव्हे, पाणी

पहिली गोष्ट ही की, नुसत्या थंडीने काँक्रीट फुटत नाही. फुटते ते आत शिरलेल्या पाण्याने. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काँक्रीट दिसायला घट्ट असले तरी त्यात केसाहून बारीक नळ्या असतात. त्या पाण्याने भरल्या आणि रात्री पारा शून्याखाली गेला की आतून दाब येतो. दिवसा बर्फ वितळतो, आणखी पाणी शिरते, रात्री पुन्हा गोठते. शिकागोसारख्या ठिकाणी हा खेळ एका हिवाळ्यात कितीतरी वेळा होतो.

भिंतीवरून पाणी ओघळून जाते, पायरीवर मात्र ते थांबते. त्यात लोक बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. मिठामुळे बर्फाचे खारे पाणी होते, ते आत मुरते, पृष्ठभाग अधिक भिजलेला राहतो व पापुद्रे अधिक निघतात. मीठ सळईपर्यंत पोहोचले की गंज सुरू होतो, आणि गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. म्हणून घरातील सर्व काँक्रीटमध्ये सर्वांत जास्त मार समोरच्या पायरीला बसतो.

दुसरा हल्ला जमिनीतून होतो. बारीक गाळाची माती, तिच्यातील ओल आणि गोठवणारी थंडी ही तीन एकत्र आली की मातीत बर्फाचे थर धरतात. ते खालून पाणी ओढून घेत जाड होतात आणि वरचे बांधकाम उचलतात. वसंतात बर्फ वितळला की माती चिखल होऊन बसते. दरवर्षी थोडे वर, थोडे खाली, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नाही. जिना कलतो तो असा.

हवेचे बुडबुडे: अदृश्य माल

आता खरी गंमत ऐका. आपल्याकडे काँक्रीटमध्ये हवा राहिली तर मिस्त्रीला बोल लावतात, आणि ते योग्यच आहे. परंतु बर्फाळ मुलखात मुद्दाम हवा मिसळतात. ही हवा म्हणजे फावड्याने नीट न ठोकल्यामुळे राहिलेल्या पोकळ्या नव्हेत. एक द्रव मिसळून तयार केलेले, डोळ्यांना जेमतेम दिसतील वा दिसणारही नाहीत असे कोट्यवधी बारीक बुडबुडे असतात. पाणी गोठू लागले की दाबाखालचे पाणी या मोकळ्या जागांत सरकते आणि काँक्रीट वाचते.

हा शोध १९३० च्या दशकात अमेरिकेत लागला. काही काँक्रीटचे रस्ते बर्फात इतरांपेक्षा फार चांगले टिकलेले दिसले. तपास केला तेव्हा त्यांचे सिमेंट दळताना चरबीसारखा पदार्थ मिसळला गेला होता आणि त्यामुळे आत बारीक बुडबुडे झाले होते, असे आढळले. पुढे १९४० च्या दशकात टी. सी. पॉवर्स या संशोधकाने या बुडबुड्यांचे काम कसे चालते याचा शास्त्रीय खुलासा केला. बुडबुडे एकमेकांपासून फार लांब असता कामा नयेत. काँक्रीटमधील पाण्याला जवळच्या बुडबुड्यापर्यंत जास्तीत जास्त ०.२ मिलिमीटर अंतर पडावे, असा आज सर्वसाधारण दंडक आहे.

पायऱ्यांच्या काँक्रीटमध्ये अशी हवा ५ ते ७ टक्के ठेवतात. म्हणजे एका घनमीटरमध्ये ५० ते ७० लिटर हवा! हवेमुळे मजबुती थोडी कमी होते, ती भरून काढण्यासाठी पाणी कमी ठेवावे लागते. हा द्रव एका पोत्यामागे चमच्यांनी मोजावा इतकाच लागतो, त्यामुळे त्याचा खर्च अगदी किरकोळ. जुन्या पायऱ्यांचा तुकडा भिंगाखाली धरून मिस्त्रीने मला दाखवला. त्यात असे बुडबुडे जवळजवळ नव्हतेच. किरकोळ पैशांची बचत की निष्काळजीपणा, हे अल्लाहलाच ठाऊक. हात मात्र विहीणबाईंचा मोडला.

काम कसे झाले

१) पाया. शिकागोत पाया जमिनीखाली किमान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट नेतात, कारण थंडी तिथवर उतरते असे धरले जाते. जुना पाया जेमतेम एक फूट होता. आणखी एक मर्म असे की, तळघरासाठी खणलेला घराभोवतीचा चर नंतर भरलेला असतो, ती माती वर्षानुवर्षे बसत राहते. जुना जिना तिच्यावरच उभा होता, म्हणून घराकडे कलला. नव्या कामात बाहेरची बाजू ४२ इंचांखालच्या न हललेल्या मातीवर घेतली आणि घराकडची बाजू तळघराच्या भिंतीत भोके पाडून पक्क्या बसवलेल्या सळयांवर टेकवली.

२) भरणी. आत माती नाही, फक्त फोडलेली खडी, सहा-सहा इंचांच्या थरांनी धुमसून घेतलेली. खडीत पाणी थांबत नाही, आणि पाणी नाही तर बर्फाचा थरही नाही.

३) सळई. प्रत्येक सळईवर दोन इंच काँक्रीटचे आवरण राहील अशी ठोकळ्यांवर उचलून बांधली. जमिनीवर पडलेली सळई असून नसल्यासारखी.

४) काँक्रीट. ४५०० पौंड प्रति चौरस इंच मजबुतीचे, म्हणजे आपल्याकडील एम-४० च्या जवळपास. पाण्याचे वजन सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पेक्षा जास्त नाही. आपल्या ५० किलोच्या पोत्याचा हिशोब केला तर साडेबावीस लिटर, आणि ओल्या वाळूतील पाणीही यातच मोजायचे. गाडी आल्यावर चालकाने विचारले, “थोडे पाणी घालू का? काम सोपे जाईल.” मिस्त्रीने नुसते बोट हलवून नकार दिला व हवा मोजण्याचे भांडे काढले. सहा टक्के निघाली, तेव्हाच माल उतरवला.

५) उतार. प्रत्येक पायरीला व वरच्या चौथऱ्याला घरापासून बाहेर, फुटामागे पाव इंच उतार. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र कळतो.

६) उंची. सर्व पायऱ्या सात इंच उंच आणि अकरा इंच रुंद. तिकडच्या नियमाप्रमाणे पायऱ्यांच्या उंचीत एकमेकींत ३/८ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही, कारण पाय सवयीने पडतो आणि फरक असेल तिथे माणूस पडतो. पाच चढ असल्याने कठडाही आवश्यक. कठड्याचे खांब काँक्रीटमध्ये खोबण करून रोवले तर तिथे पाणी साचून गोठते व पायरी चिरते, म्हणून ते पत्र्याच्या तळव्यावर बोल्टने बसवले.

७) शेवटचा हात. वर आलेले पाणी आपोआप सुकेपर्यंत मिस्त्रीने थापीला हात लावला नाही. ओल्या पृष्ठभागावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटले की चकाकी येते, परंतु वरच्या थरातील हवा निघून जाते आणि तिथे कमजोर साय तयार होते. जुन्या पायऱ्यांचा आरसा तो हाच! नव्या पायऱ्यांवर त्याने झाडू फिरवून खरखरीत रेघा काढल्या. दिसायला साध्या, पण पाय घसरत नाही.

८) पाणी व विश्रांती. सात दिवस ओले किंतान व वरून प्लास्टिक. त्यानंतर हिवाळ्यापूर्वी किमान एक महिना कोरड्या हवेत सुकणे आवश्यक. म्हणून हे काम वसंत ते सप्टेंबर या काळातच उरकावे. उशीर झालाच तर गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट कधीही ओतू नये, आणि ओतलेले काँक्रीट उबदार चादरींनी झाकून ठेवावे.

९) पहिला हिवाळा. मीठ मुळीच नाही, बर्फ फावड्याने काढून वर वाळू टाकायची. अमोनियमचे क्षार असलेली खते बर्फ वितळवण्यासाठी कधीच वापरू नयेत, ती काँक्रीटच खातात.

आपल्याला याचा काय उपयोग?

महाराष्ट्रात काँक्रीट बर्फाने फुटत नाही, मग हे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे. आपले कारागीर आखातात गेले, तिथे उन्हातले काम शिकले. आता काहींची मुले कॅनडा, अमेरिका, ब्रिटनकडे जात आहेत. आपल्याच देशात काश्मीर, लडाख, हिमाचलात बांधकामे चालू आहेत. भारतीय मानक आय. एस. ४५६ (२०००) मध्येही, ओल व गोठणे एकत्र असेल तिथे हवा मिसळण्याची शिफारस आहे. २० मिलिमीटर खडीसाठी ५ टक्के, एक टक्का कमी-जास्त. मुंबई-पुण्याच्या सवयीने बादलीने पाणी ओतणारा मिस्त्री तिकडे गेला तर त्याचे नाव एका हिवाळ्यात संपेल. हे चार नियम माहीत असलेला मिस्त्री दुप्पट रोजी मागू शकेल.

आणि जे कुठेही जाणार नाहीत, त्यांच्यासाठीही पाणी कमी, आवरण पुरेसे, उतार बाहेर आणि सात दिवस ओलावा हे नियम बदलत नाहीत. कोकणात सळई बर्फाने नव्हे तर खाऱ्या हवेने गंजते, एवढाच फरक.

ज्या शहरात फजलुर रहमान खान (१९२९-१९८२) या ढाक्याकडच्या मुस्लिम अभियंत्याच्या रचनेवर ११० मजल्यांचा सिअर्स टॉवर, म्हणजे आजचा विलिस टॉवर, उभा आहे, त्याच शहरात पाच पायऱ्या तीन हिवाळे टिकल्या नाहीत. ज्ञान शहरात होते, परंतु त्या कामात उतरले नाही.

माप-तोलात कमी देणाऱ्यांना कुरआनने कठोर इशारा दिला आहे. आपण समजतो की तो इशारा तराजू आणि गजासाठी आहे. मला मात्र त्या फुटलेल्या पायरीजवळ बसून वाटले की साडेतीन फुटांऐवजी एक फूट खोदलेला पाया हेही मापात मारणेच आहे. कापड कमी भरले तर गिऱ्हाईक घरी जाऊन मोजू शकते. जमिनीखालचा पाया आणि काँक्रीटमधली हवा कोणी मोजत नाही. ती कारागिराच्या इमानावर सोपवलेली अमानत आहे. नव्या पायऱ्यांनी त्यानंतरचे हिवाळे पाहिले आहेत, अल्हमदुलिल्लाह, एक पापुद्राही निघालेला नाही. विहीणबाई आता कठडा धरून उतरतात. अल्लाह आपल्या हातांना हुनर आणि रोजीला बरकत देवो.