बजीची पिल्ले: मडक्यातून दाण्यापर्यंत

बजी हा छोटा पोपट मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कोरड्या हवेला सरावलेला. तरी जळगाव-धुळ्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा घरट्यासाठी मडके लावूच नये. पावसाळा सरल्यावरचे दिवस बरे.

मादी एकाआड एक दिवस अंडी घालते, साधारण ४ ते ६. प्रत्येक अंडे सुमारे १८ दिवसांत फुटते. त्यामुळे एकाच मडक्यात थोरले पिल्लू पिसांवर आलेले आणि धाकटे उघडेबोडके दिसते. धाकट्याची गळ्याजवळची अन्नपिशवी रोज पाहावी. ती भरलेली असेल तर मादी भरवते आहे.

अंड्यातून निघाल्यावर साधारण ३० ते ३५ दिवसांनी पिल्ले मडक्याबाहेर येतात. इथेच घाई नडते. बाहेर आलेले पिल्लू दाणे चिवडते, पण खातेच असे नाही; आणखी आठ-दहा दिवस बहुधा नरच त्याला भरवतो.

या काळात पिंजऱ्याच्या तळाशी पसरट ताटलीत राळा, बाजरी आणि धुऊन घेतलेली कोथिंबीर ठेवावी. भिजवलेले धान्य उन्हाळ्यात लवकर आंबते, ते दोन-तीन तासांत काढावे.

पिल्लू दाणा सोलून खाते आणि त्याची अन्नपिशवी संध्याकाळी भरलेली असते, याची खात्री झाल्यावरच वेगळे करावे. सहा आठवड्यांआधी पिल्लू विकत घेऊ नये, विकूही नये.