गारपिटीचा अलर्ट आला की आधी घर, गोठा आणि मजुरांची पालं



थंडीत अवकाळीचा अलर्ट आला की सगळ्यांचे प्रश्न सारखेच असतात. द्राक्षाला काय मारू, काढलेला कांदा कुठे ठेवू, हरभऱ्याचं काय होईल. पिकाचा सल्ला वेगळ्या मेसेजमध्ये येईलच. हा मेसेज घरासाठी आहे. जरा लांब आहे, पण पूर्ण वाचा आणि घरातल्या बायामाणसांना, म्हाताऱ्यांना वाचून दाखवा.

मृगाच्या आधी आपलं घर आपोआप तयार होतं. पत्रे ठोकले जातात, सरपण आत येतं, कडबा झाकला जातो. नोव्हेंबर ते मार्च मात्र सगळं उघडं असतं. ताडपत्री खळ्यावर, गंजी मोकळी, शेळ्या बाहेर, म्हातारी माणसं ओट्यावर उन्हाला. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारा पडल्या तेव्हा हेच चित्र होतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र सगळीकडे कितीतरी दिवस गारपिटीचा मारा चालू होता.

हिवाळ्यात गारा का पडतात? उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी चक्रावातामुळे वरची हवा फार थंड होते. खाली समुद्रावरून आलेली ओलसर हवा असते. ही हवा दुपारच्या उन्हाने तापून जोरात वर चढते. थंडीत पाणी गोठण्याची उंचीही खाली आलेली असते, त्यामुळे गार खाली येईपर्यंत विरघळत नाही. म्हणूनच अशी वादळं बहुतेक करून दुपारनंतर उठतात. सकाळचं कडक ऊन बघून "आज काही येत नाही" म्हणू नका. अलर्टच्या दिवशी घराची कामं दुपारी बाराच्या आत संपवा.

हवामान खात्याचा पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. आमचं मत विचाराल तर वाडी-वस्तीवर, मळ्यात राहणाऱ्यांनी पिवळ्यालाच तयारी सुरू करावी. मळ्यातून गावात यायला वेळ लागतो.

पत्र्यापासून सुरुवात करा. वारा पत्रा वरून दाबत नाही, वळचणीखालून आत घुसून उचलतो. त्यामुळे कडेचे हूक आणि नट आधी आवळा. पत्र्यावर सुटे दगड, जुने टायर, लाकडं ठेवायची आपल्याकडे सवयच आहे. वादळात तोच दगड अंगणात माणसाच्या डोक्यात येतो. ते काढा, त्याऐवजी वाळूची पोती जोडीने दोरीला बांधून आढ्यावरून दोन्ही बाजूंना सोडा. चढायचं ते आदल्या दिवशी, वारा सुटल्यावर कोणीही पत्र्यावर जायचं नाही. सिमेंटचे पत्रे मोठ्या गारेने फुटतात. अशा घरातल्या लोकांनी वादळाच्या वेळी शेजारच्या स्लॅबच्या घरात जावं. तेवढाही वेळ नसेल तर पोरांना खाटेखाली किंवा टेबलाखाली बसवा, अंगावर जाड गोधडी द्या.

लाईट जाणार हे धरूनच चाला. टाकी आणि हंडे भरून ठेवा, मोबाईल आणि बॅटरी चार्ज करा, दळण आदल्या दिवशीच आणा. गिरणी दोन दिवस बंद राहिली की मग पंचाईत होते. बीपी-शुगरच्या गोळ्या, दम्याचा पंप चार दिवस पुरेल एवढा घरात हवा. सातबारा, आधार, पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या फडताळात.

गोठ्यात वाऱ्याच्या बाजूला गोणपाट किंवा ताडपत्री बांधा, पण चारही बाजू बंद करू नका, जनावरांना हवा लागते. झाडाखाली जनावर बांधायचं नाही. दावणीला लवकर सुटेल अशी गाठ मारा. वासरं, करडं, कोकरं भिजली आणि वर वारा लागला की निमोनिया होतो. भिजलंच तर कोरड्या पोत्याने चोळून काढा, कोमट गूळपाणी द्या, खाली कोरडं काड टाका. आणि गारेने पडलेली द्राक्षं पाट्या भरभरून जनावरांपुढे ओतू नका, पोट बिघडून जनावर दगावतं.

मजुरांची पालं हा विषय आपण नेहमी विसरतो. द्राक्षाच्या कामाला आलेली मंडळी, ऊसतोडीची माणसं प्लास्टिकच्या पालात नाहीतर कोपीत लहान पोरांसकट राहतात. गारेपुढे त्या कागदाचं काय चालणार? अलर्ट आला की त्यांना आपल्या पक्क्या खोलीत, समाजमंदिरात नाहीतर शाळेत हलवायची सोय आदल्या दिवशीच सरपंचांशी बोलून करा. ती माणसं आपल्या मळ्यात आहेत, म्हणजे जबाबदारी आपलीच.

आता विजेचं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये घ्या, आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधली वीज त्यावर कळते. रेंज नसेल तर मोजा : वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. बाग झाकायला, कांद्यावर कागद ओढायला याच वेळी माणूस पळतो. द्राक्षाच्या मांडवाखाली तर अजिबात थांबू नका, लोखंडी अँगल आणि तारांतून विजेचा झटका लांबवर जातो. उघडा गोठा, ट्रॅक्टर, एकटं झाड यांचाही आसरा नको. उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. वीज लागलेल्या माणसाला हात लावल्याने झटका बसत नाही. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि कोणालातरी १०८ लावायला सांगा.

वादळ सरून आभाळ निवळलं की रात्री थंडी एकदम वाढते. भिजलेल्या घरात लोक कोळशाची शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून झोपतात. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. शेगडी बाहेर विझवूनच झोपा.

पडलेल्या तारेला हात लावू नका, महावितरणला १९१२ वर कळवा. आजारी जनावरासाठी १९६२. घर, गोठा, जनावर यांचं नुकसान झालं तर आवरण्याआधी फोटो काढा आणि त्याच दिवशी तलाठ्यांना कळवा. दगावलेलं जनावर पशुवैद्यकांच्या तपासणीआधी पुरू नका, त्यांच्या अहवालाशिवाय मदतीचं प्रकरण अडतं.

आपली कंपनी, सल्ला विभाग