घरांतील गेम कन्सोल : इंटरनेट आणि पडदा

सोलापूर हें विणकरांचें शहर आहे. कापडाचा पन्हा निराळा आणि धोट्याच्या फेरीला लागणारा वेळ निराळा, हें येथें कोणाला शिकवावें लागत नाहीं. माग रुंद घेतला म्हणजे कापड रुंद निघेल. पण धोटा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जाण्यास लागणारा वेळ त्यामुळें कमी होणार नाहीं. घरांत येणाऱ्या इंटरनेटचेंही असेंच आहे. शंभर मेगाबिट, तीनशें मेगाबिट हे जाहिरातींतील आंकडे केवळ पन्हा सांगतात. फेरीच्या वेळाविषयीं ते मौन पाळतात. टीव्हीला जोडलेल्या गेम कन्सोलवर परगांवच्या गड्याशीं खेळणाऱ्या मुलाला मात्र गरज असते ती ह्या फेरीच्या वेळाची.

हा भेद ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळ घरांत एकच प्रकार घडतो. बटण दाबलें तरी पडद्यावरील खेळाडू उशिरानें हालतो, अशी मुलाची तक्रार असते. वडील अधिक मेगाबिटांची जोडणी घेतात. महिन्याचें बिल वाढतें. तक्रार जशीच्या तशी राहते. मग हरल्याचें खापर मुलगा यंत्रावर फोडतो आहे, असा घरांतील मंडळींचा ग्रह होतो. वास्तविक मुलाचें म्हणणें खरें असतें. औषध मात्र भलत्याच दुखण्याला दिलेलें असतें.

खेळ चालू असतां कन्सोल आणि दूरचा सर्व्हर ह्यांच्यामध्यें जी माहिती जाते-येते ती अगदीं थोडी असते. खेळाडू कोठें आहे आणि त्यानें कोणतें बटण दाबलें, एवढेंच कळवावयाचें असतें. चित्र तर कन्सोल घरींच तयार करतो. म्हणून बहुतेक खेळांना सेकंदाला एक मेगाबिटही पुरेसा होतो. मोठा पन्हा उपयोगी पडतो तो नवा खेळ उतरवून घेतांना. १०० गिगाबाइटांचा खेळ ४० मेगाबिटांच्या जोडणीवर उतरावयास सुमारें साडेपांच तास लागतात, तर १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सुमारें सव्वादोन तास. रात्रीं निजण्यापूर्वीं हें काम लावून ठेवणाऱ्या घराला हा फरक फारसा जाणवत नाहीं.

फेरीचा वेळ मोजण्याच्या पद्धतीला ‘पिंग’ म्हणतात. माइक म्यूस ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९८३ सालीं ह्या नांवाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाण्याखालील वस्तु शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून हें नांव त्यानें घेतलें. संदेश पाठवावयाचा आणि उत्तर किती मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या किती हजारांश भागांत, परत येतें तें पाहावयाचें, इतकेंच त्याचें काम. जलद खेळांत ५० मिलिसेकंदांच्या आंतील फेरी चांगली समजावी. १०० च्या पलीकडे ती गेली कीं तिचा जाच होऊं लागतो. त्याहूनही वाईट म्हणजे एका क्षणीं २० आणि पुढल्या क्षणीं १५०, असा लहरी वेळ. संथपणाची हाताला संवय होते. लहरीपणाची होत नाहीं.

मग मुंबईपासूनचें अंतर हें ह्या विलंबाचें कारण असेल काय? कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई सोलापुरापासून रेल्वेमार्गानें सुमारें ४५० किलोमीटर, जाऊन-येऊन ९००. एवढ्या वाटेला प्रकाशास पांच मिलिसेकंदही पुरतात. वाटेंतील यंत्रांचा वेळ त्यांत मिळविला तरी सोलापूरकर मुंबईकरापेक्षां फार मागें पडत नाहीं. अमेझॉननें २०१६ सालीं आणि गूगलनें २०१७ सालीं आपलीं संगणककेंद्रें मुंबईंत सुरू केलीं, तेव्हांपासून अनेक खेळांना जवळचे सर्व्हर मिळणें सोपें झालें. परंतु एखाद्या खेळाचा सर्व्हर सिंगापुरांत असला, तर केवळ प्रकाशाच्या प्रवासालाच ४० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, आणि कितीही पैसे मोजले तरी तो कमी होत नाहीं. ज्या खेळांत सर्व्हरचें ठिकाण निवडतां येतें, त्यांत मुंबई निवडावी. ह्यासाठीं एक पैही पडत नाहीं.

बाहेरची वाट अशी निर्दोष ठरली म्हणजे शोध घराच्या आंत वळवावा लागतो. पेठांतील जुन्या वाड्यांच्या भिंती जाड असतात. जुळे सोलापूरसारख्या नव्या वस्तींत लोखंडी सळयांचें काँक्रीट असतें. वायफायच्या लहरींना दोन्ही सारखींच जड जातात. वायफायचे दोन प्रकार सर्वत्र प्रचलित आहेत. पांच गिगाहर्ट्झचा जलद आहे, पण भिंतींतून जातांना लवकर क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झचा भिंती ओलांडतो. परंतु त्यांत एकमेकांस न अडविणारे मार्ग तीनच, आणि इमारतींतील सर्व शेजाऱ्यांचे राउटर त्याच तिहींत गर्दी करतात. लहरी पिंगचें मूळ बहुधा येथेंच असतें. ह्यावर उत्तम उपाय म्हणजे राउटरपासून कन्सोलपर्यंत साधी लॅन केबल. ‘कॅट ५-ई’ जातीची केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते. एकदां भिंतीच्या कडेनें ठोकून घेतली कीं दरमहा कांहीं द्यावें लागत नाहीं. केबल शक्य नसेल तर निदान राउटर कपाटाआडून काढून कन्सोलच्याच खोलींत, उंच व मोकळ्या जागीं ठेवावा.

दुसरें कारण घरांतील गर्दी. कोणी मोबाईलवरील छायाचित्रें वर चढवूं लागला कीं राउटरमध्यें माहितीची रांग लागते, आणि खेळाचा चिमुकला संदेश त्या रांगेंत अडकून पडतो. त्याच वेळीं पुण्याच्या मुलीशीं व्हिडिओवर बोलणाऱ्या आईचें बोलणेंही तुटूं लागतें. पुष्कळ राउटरांत विशिष्ट उपकरणाला अग्रक्रम देण्याची सोय असते. ती वापरावी, आणि मोठीं चढ-उताराचीं कामें रात्रीवर टाकावीं. त्यानें खेळणाऱ्याचें व बोलणाराचें, दोघांचेंही साधतें.

आतां पडद्याकडे वळलें पाहिजे. कारण सर्वांत मोठा चोर पुष्कळदां तेथेंच दडलेला असतो. १९७२ सालीं अमेरिकेंत निघालेला ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हा पहिला घरगुती कन्सोल कांचेच्या नळीच्या टीव्हीला जोडीत. त्या टीव्हीवर संकेत येतांच चित्र उमटे. आजचा सपाट टीव्ही तसें करीत नाहीं. आलेलें चित्र तो क्षणभर धरून ठेवतो, त्याचे रंग खुलवितो, हालचाल गुळगुळीत करतो, आणि मग दाखवितो. चित्रपट पाहतांना हें सुखाचें वाटतें. खेळांत घातक होतें. कांहीं संचांत हा विलंब १०० मिलिसेकंदांच्याही वर जातो, म्हणजे मुंबईपर्यंतच्या प्रकाशाच्या फेरीच्या वीसपट! टीव्हीच्या मांडणींत ‘गेम मोड’ लावला कीं पुष्कळ नव्या संचांत तो २० मिलिसेकंदांच्या आसपास वा त्याखालीं येतो. २०१७ सालच्या एच. डी. एम. आय. २.१ ह्या प्रमाणांत कन्सोल सुरू होतांच हा मोड आपोआप लागण्याची सोय आहे. परंतु ती चालू आहे कीं नाहीं हें स्वतः पाहिलेलें बरें.

नवा संच घ्यावयाचा असेल तर नुसत्या आकारावर भुलूं नये. सेकंदाला ६० चित्रें दाखविणाऱ्या पडद्यावर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० दाखविणाऱ्यावर ८.३. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स हे दोन्ही कन्सोल १२० चित्रें पाठवूं शकतात, पण सर्व खेळ तसें करीत नाहींत. शिवाय टीव्हीवरील सगळींच भोकें हें काम करीत नाहींत. योग्य भोकाजवळ बहुधा तसा उल्लेख छापलेला असतो. टीव्हीच ६० चित्रांचा असेल, तर महागडी केबल घेऊन कांहींही पदरांत पडणार नाहीं. कन्सोलबरोबर आलेली केबल पुरते.

दोष नेमका कोठें आहे हें ओळखण्याची रीत सोपी आहे. प्रथम इंटरनेट बंद करून कन्सोलमध्यें असलेलाच एखादा खेळ खेळून पाहावा. तरीही हात आणि चित्र ह्यांत अंतर जाणवलें, तर दोष इंटरनेटचा नव्हे, पडद्याचा. तेव्हां गेम मोड लावावा. तें अंतर नाहींसें झाल्यावर कोणाची तरी लांब केबल उसनी आणून, ती जमिनीवरूनच टाकून, एक संध्याकाळ इंटरनेटवर खेळावें. थबकणें थांबलें तर दोष वायफायचा. न थांबलें तर घरांतील बाकी उपकरणें बंद करून पाहावें. इतकेंही करून भागलें नाहीं, तरच जोडणी देणाऱ्याकडे, पिंगचे आंकडे वेळेसह कागदावर लिहून, तक्रार न्यावी. पन्हा वाढविण्याचा विचार त्याच्याही नंतरचा. ह्या क्रमानें गेलेल्या घराला वाढीव बिल बहुधा भरावें लागत नाहीं. आणि मुलाची तक्रार खरी होती कीं सबब होती, ह्याचा निकालही घरांतल्या घरांत, न भांडतां लागतो.