सूक्ष्मजीवांची ओळख: रूप सारखं, पोट निराळं

आजचा विषय सूक्ष्मजीवशास्त्राची तोंडओळख. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा हा माणूस जंतूंवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात असेल. शंका रास्त आहे. प्रयोगशाळेतल्या कामाचे बारकावे त्या विषयाच्या जाणकारांकडूनच ऐकावेत. आम्हाला रस आहे तो एका जुन्या प्रश्नात. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याची वर्गवारी करायची कशी? आणि ती चुकली तर कुणाचं काय बिघडतं?

व्याख्यानाच्या आधी गावातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं, "सर, यातले फायद्याचे किती आणि तोट्याचे किती?" शाळेच्या पुस्तकातही अशीच दोन रकान्यांची विभागणी असते. उपयुक्त आणि अपायकारक. आमचं म्हणणं असं आहे की हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. का ते सांगतो, आणि उदाहरण लासुर्ण्याचंच घेतो.

इथे ऊस सगळ्यांना माहीत आहे. तोड झाली, पण गाडी मिळाली नाही किंवा भवानीनगरला नंबर लागला नाही, म्हणून ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला तर काय होतं? वजन घटतं, ते उन्हामुळे. पण आत आणखी एक गोष्ट चालू असते. उसाच्या तोडलेल्या तोंडातून, चिरांमधून एक जिवाणू आत शिरतो. त्याचं नाव ल्युकोनॉस्टॉक. नाव अवघड आहे, पण काम सोपं. तो उसातली साखर फोडतो आणि तिच्यापासून एक बुळबुळीत, चिकट पदार्थ बनवतो. त्याला म्हणतात डेक्स्ट्रान. ऊस फडात जळाला असेल तर साल तडकते, आणि जिवाणूला दारं आणखी उघडी मिळतात. डेक्स्ट्रान रसात आला की रस दाट होतो, गाळायला वेळ लागतो, साखरेचा दाणा लांबट होतो. आणि गंमत बघा, कारखान्याच्या प्रयोगशाळेत साखर मोजतात ती रसातून जाणारा प्रकाश किती वळतो त्यावरून. डेक्स्ट्रानही प्रकाश त्याच बाजूला वळवतो, आणि साखरेपेक्षा जास्त वळवतो. म्हणजे साखर गेलेली असते आणि यंत्र ती आहे म्हणून सांगतं! प्रत्यक्षावर भरवसा किती ठेवावा, हे आमच्या विद्यार्थ्यांना शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

तर हा झाला चोर. आता स्वयंपाकघरात या. इडलीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं की सकाळी फुगून वर येतं. ते फुगवणाऱ्यांमध्ये पुढे असतो तो हाच ल्युकोनॉस्टॉक. आणि दवाखान्यात, रक्तस्राव झालेल्या माणसाच्या शिरेतून रक्ताचं आकारमान टिकवायला जी द्रावणं देत आले, त्यांतलं एक डेक्स्ट्रानचं असतं. तेही याच जिवाणूकडून करून घेतात. आता सांगा, याला कुठल्या रकान्यात घालायचं? गव्हाणीवर तो तोट्याचा, इडलीपात्रात फायद्याचा. चांगलेपणा त्याच्या अंगात नाही आणि वाईटपणाही नाही. तो साखर खातो, एवढंच. बाकीचं आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं.

मग सूक्ष्मजीव म्हणजे नेमकं कोण? नुसत्या डोळ्यांना दिसत नाही तो, ही व्याख्या आपल्या डोळ्यांची आहे, त्यांची नाही. त्यामुळे एकमेकांशी नातं नसलेले बरेच जण या नावाखाली एकत्र आलेत. जिवाणू, यीस्ट आणि बुरशी, एकपेशीय शैवाल, अमिबासारखे आदिजीव. विषाणूही यातच धरतात, पण त्याला पेशी नाही, दुसऱ्याच्या घरात शिरल्याशिवाय त्याला काही करता येत नाही. तो सजीव की निर्जीव हा वाद चालू आहे, आणि आमच्या मते तो विषाणूबद्दलचा कमी आणि 'सजीव' या शब्दाबद्दलचा जास्त आहे. पुढे जाऊ. नेहमीचा जिवाणू साधारण एक-दोन मायक्रोमीटर लांब असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चिमूटभर चांगल्या मातीत ते कोट्यवधींनी असतात.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने, अँटनी व्हॅन लेव्हेनहूक त्याचं नाव. मिरी तिखट का लागते हे शोधायला त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि ते पाणी भिंगाखाली धरलं. तिखटपणाचं कारण सापडलं नाही, पण वळवळणारे जीव दिसले. १६७६ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, तेव्हा तिथल्या विद्वानांना पटवून घ्यायला वेळ लागला.

आपल्याकडे काही लोक म्हणतात, हे सगळं पूर्वजांना ठाऊक होतं, जैन ग्रंथांत निगोद जीव सांगितलेत ना! निगोदाची कल्पना फार सूक्ष्म आहे, अहिंसेच्या विचारातून ती आली आणि त्या विचारात तिला मोल आहे. पण ती जीवाबद्दलची धारणा आहे, निरीक्षण नाही. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्हींचा अपमान होतो. न्यायशास्त्राचं तेवढं घ्यावं. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे हे अनुमान. दूध विरजलं तर विरजवणारं काहीतरी आहे, हेही अनुमान, आणि ते घरोघरी होतंच. पण 'काहीतरी आहे' इथून 'कोण आहे' इथवर जायला नुसतं अनुमान पुरत नाही.

नुसतं भिंगही पुरत नाही, हा आजचा मुख्य मुद्दा. आंबा आणि चिंच शेजारी उभे असले तर लहान मूलसुद्धा फरक सांगेल. जिवाणूंचं तसं नाही. भिंगाखाली दिसतात ते गोल ठिपके, आखूड काड्या, काही पिळदार. दोन काड्या हुबेहूब सारख्या, पण एक दुधाचं दही करते आणि दुसरी लोखंडाच्या क्षारांवर जगते. रूपावरून जात ठरवायची आपली सवय इथे मोडून पडते. इथलं वैविध्य पोटाचं आहे. कोण काय खातो, काय टाकतो, हवा लागते की हवेनं मरतो.

गोबरगॅसची टाकी घ्या. शेणातला चोथा फोडणारे वेगळे, त्याची आम्लं करणारे वेगळे, आणि शेवटी मिथेन तयार करणारे वेगळे. हे मिथेनवाले दिसायला जिवाणूच. शंभर वर्षं त्यांना जिवाणूच म्हटलं. १९७७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रूप बाजूला ठेवलं आणि पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतल्या आरएनएची अक्षरं ताडून पाहिली. मिथेनवाल्यांचं जिवाणूंशी जवळचं नातं निघेना. एक संपूर्ण वेगळी शाखा, तिला आर्किया म्हणतात. आणि या हिशेबाने माणूस, ऊस आणि बुरशी हे सगळे जिवाणूंपेक्षा आर्कियाला जवळचे. म्हणजे गोठ्यामागच्या टाकीत आणि म्हशीच्या पोटात आपले लांबचे भाऊबंद राहतात, आणि आपल्याला पत्ता नाही!

याच आर्कियांनी २०२० च्या जूनमध्ये महाराष्ट्राला चकित केलं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर, उल्कापाताने झालेलं, पाणी खारं आणि सोड्यासारखं अल्कधर्मी. एरवी हिरवट दिसणारं ते पाणी गुलाबी झालं. नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आले. उत्तर निघालं ते मीठप्रेमी आर्कियाचं. पाणी आटलं, खारेपणा वाढला, आणि ज्यांना तो मानवतो त्यांची संख्या वाढली. गुलाबी रंग त्यांच्याच अंगातल्या रंगद्रव्याचा. पुढे तो ओसरला.

खारेपणा म्हटलं की आपल्या नीरा खोऱ्याकडे यावंच लागतं. डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि काही जमिनी चोपण झाल्या. ही तक्रार आजची नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी या खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला होता. पाणी साचलेल्या जमिनीत काय होतं पाहा. तुम्ही युरिया टाकता. मातीतले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. मग दुसरे दोन गट अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवलं, आणि आम्हाला ते फार मोठं वाटतं. वनस्पती सूर्यावर जगते, आपण वनस्पतीवर, पण हे जीव अंधारात, नुसत्या अमोनियातून ऊर्जा काढून जगतात. जगण्याची ही तिसरीच वाट निघाली. असो. नायट्रेट उसाला मिळालं तर उत्तम. पण पाणी साचून मातीतली हवा संपली, की आणखी एक टोळी पुढे येते. तिला श्वासाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून ती नायट्रेटमधला वापरते आणि उरलेला नायट्रोजन वायू हवेत सोडून देते. तुमच्या गोणीचे पैसे असे वर निघून जातात. दिसत काहीच नाही. पान पिवळं पडतं, आणि आपण आणखी एक गोणी टाकतो.

उलटा व्यवहारही आहे. हरभऱ्याचं रोप हलक्या हाताने उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर ऱ्हायझोबियम कामावर आहे, हवेतला नायट्रोजन पिकाला देतोय. पण हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला लावून चालत नाही. ज्याचा त्याचा सोयरा ठरलेला. दुकानदार 'सगळ्याला चालतं' म्हणाला तर पाकिटावर पिकाचं नाव वाचावं.

आता थोडं अवघड बोलतो. जंतूचं नाव कळलं म्हणजे जंतू कळला, या समजुतीची किंमत पुण्याने मोजलेली आहे. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने शोधला. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला, पुढे पुण्यात. हाफकिनने मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे शत्रूचं नाव माहीत, रूप माहीत, लससुद्धा हातात. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, राहतो कुठे, हे माहीत नव्हतं. रँडच्या प्लेग कमिटीने घरं उपसली, सामान जाळलं, जमिनी खणल्या, माणसं धरून छावण्यांत नेली. शोध चालला होता तो माणसांत आणि भिंतींत. जंतू होता उंदरांत आणि उंदरांच्या पिसवांत. सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत पिसवांवरचा प्रयोग केला तो १८९८ मध्ये, आणि तोही मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या होत्या, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती. उंदीर पडले की घर सोडून माळावर झोपड्या घालायच्या, ही लोकांची रीत मात्र जंतूचं नाव न कळताही बरोबर दिशेला होती. कमिटीच्या जुलमाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, आणि ते बोलायलाच हवं. पण त्या जुलमामागे एक अर्धवट ज्ञानही होतं, त्याबद्दल कमी बोलतो.

आज आपल्याला पुरतं कळलंय का? नाही. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे ते बशीत, आगरच्या थरावर. (हे आगर सुचवलं फॅनी हेस या गृहिणीने, जेलीच्या पाककृतीवरून. आधीचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं.) पण मातीतल्या जिवाणूंपैकी शंभरात एखादाच या बशीत वाढतो. बाकीचे आहेत हे कळतं त्यांच्या डीएनएवरून, म्हणजे पुन्हा धुरावरून अग्नी. पुण्यात सूक्ष्मजीवांचा मोठा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे ते जपून ठेवतात. तरी जपता येतात ते बशीत वाढणारेच.

एका भगिनींनी चिठ्ठी पाठवलीय, की पाचट जाळल्यावर जमिनीतले जंतू मरतात का? आग फार खोल जात नाही. वरच्या थोड्या थरातले मरतात, खालचे राहतात आणि वर परत येतात. पण ते येऊन खाणार काय? हेक्टरी आठ-दहा टन पाचट असतं, ते त्यांचं वर्षाचं धान्य, आणि ते धुरात जातं. न जाळता सरीत ठेवलं तर एक काळजी घ्यावी. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडं, त्यामुळे कुजवणारे जीव सुरुवातीला मातीतलं नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा दिसतो. म्हणून पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकायचं असतं. किती टाकायचं ते माती तपासून ठरवा, आमच्या सांगण्यावरून नको.