ॲडमिरल ते मंत्री : इहोर तेन्युख

जन्म १९५८, पश्चिम युक्रेनमधील ल्विव प्रांत. सुरुवातीला सोव्हिएत नौदलात अधिकारी. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर युक्रेनच्या नौदलात.

२००६ मध्ये तेन्युख नौदलप्रमुख झाले. त्यांचे मुख्यालय क्रिमियातील सेव्हास्तोपोलला होते आणि रशियाचा काळा समुद्र ताफाही त्याच बंदरात होता. व्हिक्टर यानुकोव्हिच राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २०१० मध्ये तेन्युख यांचे पद गेले. पुढे त्यांनी यानुकोव्हिच यांच्याविरुद्धच्या मैदान आंदोलनाला साथ दिली.

२७ फेब्रुवारी २०१४ रोजी उजव्या राष्ट्रवादी ‘स्वोबोदा’ पक्षाच्या वाट्यातून ते हंगामी संरक्षणमंत्री झाले. त्याच दिवशी बिनबिल्ल्याच्या सशस्त्र रशियन सैनिकांनी सिंफेरोपोलमधील क्रिमियाच्या संसदेचा ताबा घेतला. भूदलाच्या ४१ हजार सैनिकांपैकी लढण्यास सज्ज जेमतेम ६ हजार आहेत, असे तेन्युख यांनी मार्चमध्ये युक्रेनच्या संसदेत सांगितले. क्रिमियातील तुकड्यांना वेळेवर स्पष्ट आदेश मिळाले नाहीत, अशी टीका त्यांच्यावर झाली.

२५ मार्चला त्यांनी राजीनामा दिला. पहिल्या मतदानात तो मंजूर झाला नाही. दुसऱ्या मतदानात झाला. त्यांच्या जागी कर्नल जनरल मिखाइलो कोवाल आले. तेन्युख यांचे मंत्रिपद महिनाभरही टिकले नाही.