दिवा का विझेना?

पालघरहून डहाणूकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की उमरोळीनंतर बोईसर लागते. तेथे उतरून पश्चिमेला तारापूरच्या वाटेने निघा. आधी औद्योगिक वसाहत लागते आणि पुढे समुद्रकाठी अणुवीज केंद्र. या केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी रीतसर वीजपुरवठा करू लागल्या. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी 'पीडीपी-७' नावाच्या एका लहानशा संगणकासाठी 'युनिक्स' ही आज्ञावली लिहावयास घेतली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे तो आयुष्याचा! वीज केंद्र किंवा कारखाना अनेक दशके चालावा अशा बेताने उभारतात. संगणकाच्या चिपा मात्र त्यापूर्वीच बाजारातून नाहीशा होतात. मग त्या चिपेसाठी कोणी कष्टाने लिहिलेल्या आज्ञावलीचे काय करायचे?

प्रत्येक चिपेची बोली वेगळी

चिपेला फक्त ० आणि १ कळतात. इंटेल कंपनीने १९७६ साली काढलेली '८०८५' ही चिप आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे. तिच्या लेखी १००००००० या आठ अंकांचा अर्थ 'संचयकातील संख्येत ब या खणातील संख्या मिळव' असा होतो. हे अंक माणसाच्या लक्षात राहणे कठीण, म्हणून त्यांऐवजी 'अ‍ॅड बी' असा छोटा शब्द लिहितात. अशा शब्दांची भाषा म्हणजे असेंब्ली भाषा.

धाकट्या भावाला आपण "दुकानातून मीठ आण" असे सांगतो. असेंब्लीत मात्र "उजवे पाऊल उचल, पुढे टाक, आता डावे उचल" असे सांगावे लागते. शिवाय प्रत्येक जातीच्या चिपेचे शब्द निराळे. एकीसाठी लिहिलेले दुसरीला कळत नाही.

युनिक्सचीही हीच अडचण होती. ती आधी पीडीपी-७ च्या असेंब्लीत लिहिली आणि 'पीडीपी-११' हा नवा संगणक आल्यावर पुन्हा त्याच्या असेंब्लीत लिहावी लागली. दरम्यान थॉम्प्सन यांचे सहकारी डेनिस रिची यांनी 'सी' ही भाषा घडविली. सी भाषेत "मीठ आण" असे लिहिता येते. त्याची पावले पाडण्याचे काम 'कंपायलर' नावाची आज्ञावली करते. चिप बदलली तर कंपायलर बदलायचा, मूळ लिखाण बहुतांशी तसेच राहते.

युनिक्सचा गाभा सी भाषेत आणण्याचा १९७२ सालचा पहिला प्रयत्न फसला, कारण निरनिराळ्या प्रकारची माहिती एका गाठोड्यात बांधण्याची सोय तेव्हा सी भाषेत नव्हती. रिची यांनी ती सोय केली आणि १९७३ साली काम तडीस गेले. मग थोड्याच वर्षांत युनिक्स अगदी निराळ्या बनावटीच्या संगणकांवरही चालू लागली.

शब्द बरोबर, अर्थ चुकला

तर मग असेंब्लीतील एकेक ओळ घ्यावी, तिच्या जागी सी भाषेतील ओळ लिहावी, की झाले काम! असे तुम्हाला वाटेल. आमच्या एका विद्यार्थ्यालाही तसेच वाटले. ८०८५ वर दिवा उघडझाप करणारी एक जुनी आज्ञावली होती: दिवा लाव, थांब, दिवा विझव, थांब, पुन्हा पहिल्यापासून. त्याने ती ओळीस ओळ लावून सी भाषेत उतरविली आणि नव्या चिपेवर चालविली. दिवा लागला तो विझेचना!

तारा तपासल्या, सगळे ठीक होते. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, दिवा नेहमीपेक्षा मंद दिसतो." तीच खूण होती. दिवा विझत होता, पण सेकंदात हजारो वेळा! डोळ्यांत उमटलेली प्रतिमा सेकंदाचा सुमारे सोळावा भाग टिकते, म्हणून तो सतत तेवताना दिसत होता. निम्मा वेळ विझलेला, म्हणून मंद.

असे का व्हावे? ८०८५ ला 'थांब' अशी सोपी आज्ञा देऊन ठरावीक वेळ थांबविता येत नाही. म्हणून तिला उगाच उलटे आकडे मोजायला लावतात. आमच्या संचात सेकंदाला सुमारे ३० लाख ७२ हजार ठोके पडतात आणि मोजणीच्या एका फेरीला १४ ठोके लागतात. २५५ फेऱ्यांना सुमारे १.१६ मिलिसेकंद. हे सगळे पुन्हा २५५ वेळा केले की सुमारे ०.३ सेकंद. पण नव्या कंपायलरने पाहिले की या मोजणीतून उत्तर काहीच निघत नाही. मग त्याने ती बिनकामाची समजून गाळून टाकली! लिहिणाऱ्याच्या मनातला 'वेळ' कागदावर कोठेच लिहिलेला नव्हता. आम्ही चिपेतील टायमर वापरून तो स्पष्ट लिहिला, तेव्हा दिवा नीट उघडझाप करू लागला.

दुसरा सापळा बेरजेचा. ८०८५ च्या संचयकात ० ते २५५ एवढीच संख्या मावते. २०० मध्ये १०० मिळविले की तेथे ४४ उरतात आणि 'कॅरी' नावाच्या वेगळ्या खुणेत १ नोंदला जातो. ती खूण पाहून पुढची आज्ञा काम करते. सी भाषेत ही खूण हाती लागत नाही. म्हणून 'बेरीज २५५ च्या वर गेली तर' असे आपणच लिहावे लागते.

आमच्या दिव्याने कोणाचे काही बिघडले नाही. पण समजा, दिव्याच्या जागी रसायनाच्या टाकीची झडप असती तर? म्हणून जाणकार माणूस आधी प्रत्येक ओळ 'कशासाठी' हे साध्या मराठीत वा इंग्रजीत लिहून काढतो, मगच सी भाषेकडे वळतो. शेवटी जुन्या व नव्या आज्ञावल्यांना तेच आकडे देऊन उत्तरे आणि लागलेला वेळ ताडून पाहतो. ० आणि २५५ हे काठावरचे आकडे तर तो कधीच विसरत नाही. आणि हे सारे मूळ लेखक निवृत्त होण्यापूर्वी झाले तर फारच उत्तम!

तुम्हीही करून पाहा

कागदावर अ, ब, क असे तीन खण काढा. प्रत्येकात ० ते २५५ एवढीच संख्या मावते. २५५ च्या पुढे पुन्हा ०, आणि ० मधून १ वजा केला की २५५.

१. अ मध्ये ०, ब मध्ये ६, क मध्ये ७ ठेवा.
२. अ मध्ये ब मिळवा.
३. क मधून १ वजा करा.
४. क शून्य नसेल तर पुन्हा २ वर जा.

ही आज्ञावली काय करते ते एका ओळीत लिहा. जमले? तुम्ही भाषांतर केलेत! आता क मध्ये ७ ऐवजी ० ठेवून पाहा. उत्तर काय येते? आणि ते यायला फेऱ्या किती लागतात? तुमची एक ओळ आता मूळ आज्ञावलीशी तंतोतंत जुळते का, हे स्वतःच ठरवा.