तारीख-ए-दिल्कुशा : मोगल छावणीतून दिसलेले मराठे

सतराव्या शतकातील मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हटली की बखरी आणि शकावल्या प्रथम आठवतात. परंतु भीमसेन सक्सेना याने फारसीत लिहिलेला ‘तारीख-ए-दिल्कुशा’ हा ग्रंथ योग्यतेने त्यांच्याहून उणा नाही. १६४९ मध्ये बऱ्हाणपुरात जन्मलेला हा कायस्थ, घरातील वडीलधारी मंडळी मोगलांच्या दख्खनच्या कारभारात असल्यामुळे, लहानपणीच औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास आला आणि पुढे लष्करी हिशेबाचे काम करीत छावण्यांमागून फिरत राहिला.

परक्याची साक्ष कधीकधी किती मोलाची ठरते, हे या ग्रंथातून दिसते. भीमसेन तर शत्रूच्याच पदरी होता. ऑक्टोबर १६७० मधील वणी-दिंडोरीच्या लढाईत तो मोगल सरदार दाऊदखानाच्या फौजेबरोबर होता. आघाडीच्या इखलासखानाने मराठे समोर सज्ज उभे असलेले पाहताच, आपल्या लोकांची चिलखते अजून उंटांवर लादलेली असताना, मोजक्या स्वारांनिशी चाल केली आणि तो जखमी होऊन घोड्यावरून पडला, हा तपशील एवढ्या जवळून छावणीतल्या माणसालाच देता येतो.

त्याहूनही मौलिक आहे ती त्याची कारणमीमांसा. मनसबदारांना, म्हणजे दर्जानुसार फौज बाळगणाऱ्या सरदारांना, नेमून दिलेल्या जहागिरींचा वसूल हाती येईनासा झाला, त्यामुळे फौजा घटल्या, जमीनदार मराठ्यांना मिळाले आणि गांजलेल्या रयतेनेही शस्त्र धरले, ही साखळी तो मोगलांचा नोकर असूनही स्पष्टपणे मांडतो. दरबाराच्या आज्ञेने लिहिलेल्या तवारिखेत, म्हणजे राजवटीच्या वृत्तांतात, एवढा मोकळेपणा क्वचितच आढळतो.

१६९० ते १६९८ या काळातील जिंजीचा वेढाही, दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या चाकरीत असल्यामुळे, त्याने जवळून पाहिला. १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत दलपतराव पडल्यानंतर त्याने ग्रंथ पूर्ण केला. तो बराचसा आठवणींवर आधारलेला असल्याने त्यातील तारखा मोगल अखबारांशी, म्हणजे दरबारी बातमीपत्रांशी, ताडून पाहाव्या लागतात. जदुनाथ सरकारांनी शिवचरित्रासाठी त्याचा आधार घेतला, वि. गो. खोबरेकरांच्या संपादनाखाली इंग्रजी भाषांतर १९७२ मध्ये निघाले, आणि सेतुमाधवराव पगडींमुळे तो मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.